पडद्यावरचे गणपती

संगणकाच्या पडद्यावर गणपती उघडला. मग त्याच्यावर दुसरा. मग तिसरा. आठवा उघडेपर्यंत प्राचार्यांचे हात जोडलेले होते. नंतर त्यांनी ते पाठीमागे बांधले.

"भिंगारदिवे, हे थांबणार कधी?"

"अजून पाच-सहा आहेत, सर."

"एकवीस झाले की थांबतील आपोआप," हेडक्लार्क गहिनीनाथ म्हणाला. कोणी हसलं नाही.

पारनेरच्या त्या कॉलेजात संगणकाची खोली होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. ती बघायला संस्थेचे सेक्रेटरी आबा नगरहून जीपने निघाले होते. संगणक शिकवणाऱ्या तुषार भिंगारदिवेची तात्पुरती नेमणूक परवा संपत होती. ती वाढवायची की पेपरात जाहिरात द्यायची, हे आबा संगणक बघून ठरवणार होते. आबांना संगणकातलं एकच कळत होतं : बटण दाबलं की तो चालू झाला पाहिजे. आणि तो तर गणपती मांडता मांडताच दमत होता.

तुषारने कारण सांगितलं. संगणक ज्यावर चालायचा ते लिनक्स मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीतलं असलं, तरी आज्ञाधारक होतं. संगणक सुरू होताच आपोआप उघडणाऱ्या गोष्टींचं एक फोल्डर असतं. प्राचार्यांच्या हुकमावरून त्यानेच गणपतीचं चित्र तिथे ठेवलं होतं. शिवाय संध्याकाळी जे उघडं राहील, तेही संगणक लक्षात ठेवतो आणि सकाळी पुन्हा मांडतो. म्हणजे कालचे सगळे आठवणीने येतात, आणि वर आजचा एक हुकमाने.

"मग संध्याकाळी मिटवत का नाही?"

संध्याकाळी खोली बंद करायचं काम अश्विनी मॅडमकडे होतं. त्या तुषारइतक्याच शिकलेल्या होत्या, आणि कायम होत्या. "सर, खिडकी मिटवायची तर कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करावं लागतं. देवावर फुली कशी मारायची?"

प्राचार्यांना हे पटलं.

"मी फोल्डरमधूनच चित्र काढून टाकतो," तुषार म्हणाला. "हेही सगळे मिटवतो. मग प्रश्नच..."

"आबा येताहेत आणि देव काढून टाकायचा?"

"मग एका आज्ञेत हे सगळे बंद करतो. चालू केल्यावर एकच येईल." त्याने आज्ञा टाइप केली. प्राचार्यांनी वाकून तिची सुरुवात मोठ्याने वाचली.

"किल? अहो, किल? एकेक करून काढा. मानाने काढा."

मानाने कोणी काढायचे, हा मग प्रश्न आला. मॅडमची संकष्टी होती. गहिनीनाथ नुकताच बिडी ओढून आला होता. प्राचार्य प्राचार्य होते.

"भिंगारदिवे, तुम्हीच काढा की," गहिनीनाथ म्हणाला. "तुम्हाला चालतं."

सगळ्यांना एकदम हायसं वाटलं.

तुषारच्या आजोबांनी छप्पन साली घरातले देव नदीत सोडले होते. त्यामुळे त्याला चालत होतं, हे खरंच होतं. आपल्याला आता काहीतरी वाटेल म्हणून तो क्षणभर थांबला. काही वाटलं नाही. त्याने माउस हातात घेतला.

तिघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. फुली, क्लिक. फुली, क्लिक.

"पुढच्या वर्षी लवकर या," गहिनीनाथ पुटपुटला.

"अहो, उद्याच येणारेत," मॅडम म्हणाल्या.

आबा आले. संगणक झटक्यात सुरू झाला. एकच गणपती. आबांनी चपला काढून हात जोडले.

"लई भारी. रोज असाच यील ना?"

"संध्याकाळी मिटवला तर, आबा," तुषार म्हणाला. "नाहीतर उद्या दोन येतील."

"मिटवतं कोन?"

प्राचार्यांनी तुषारकडे बोट केलं.

"आडनाव काय तुमचं?"

"भिंगारदिवे."

आबांनी सावकाश मान हलवली. "मंग ऱ्हाऊ द्या की यांना. असा एक मानूस लागतोच." आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी सही केली.

चहाच्या वेळी सगळ्यांनी तुषारचं अभिनंदन केलं. तो प्रत्येकाला थँक्यू म्हणाला.

सोमवारी त्याच्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. आत लक्ष्मीची जुनी तसबीर निघाली. काच तडकलेली, कडेला वाळलेलं कुंकू. कोणी ठेवली ते कोणी सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. ती कपाटावर ठेवून तो तासावर गेला.

परत आला, तेव्हा टेबलावर आणखी दोन होत्या.