शेवटच्या सुराआधी

रुखसतीची गाडी दारात लागली आणि सरफराजचे ओठ काही ट्रम्पेटवर बसेनात.

अख्ख्या नवी पेठेतल्या पोरी त्यानं वाजवून सासरी पाठवलेल्या. पाठवणीची त्याची धून ठरलेली. वडिलांनी, राजेसाबनी, शिकवलेली. संथ, लांबवलेली. पहिल्या चार सुरांतच बायका पदर डोळ्याला लावायच्या. पण आज पोरगी स्वतःची होती. ओठ थरथरले की ट्रम्पेटचा सूर फाटतो, आणि ह्याचे ओठ सकाळपासून थरथरत होते. त्यात सबाला लहानपणीच शब्द देऊन बसलेला, तुझ्या रुखसतीला मीच वाजवणार म्हणून. आता घ्या!

"उस्ताद, दुसऱ्या कुणाला वाजवू द्यायचं का?" ढोलवाल्या येडूनं हळूच विचारलं.

"गप ऱ्हा."

शेजारची सोजरबाई तर रडायच्या तयारीनंच आली होती. पदराचं टोक मुठीत धरून उभी.

तेवढ्यात नटलेली सबा गाडीत बसायचं सोडून बापाकडंच आली. हातात मोबाईल.

"अब्बा, हे आयका आधी. काल आपली धून मोबाईलला गुणगुणून दाखवली, तर ह्यानं गाणं हुडकून दिलं."

"कसलं गाणं? ती तुझ्या दादांनी, माझ्या अब्बांनी, बांधलेली धून हाय."

"आयका तर."

कोकणी गाणं होतं, गोव्याकडचं, साठेक वर्षांपूर्वी मुंबईत रेकॉर्ड झालेलं. धून तीच. पण संथ कसली, नुसती पळापळ! बाई ठसक्यात गात होती, मागं ड्रम उड्या मारत होता. सरफराजला शब्द एक कळेना, पण पाय आपोआप हलायला लागला.

"आयला," येडू म्हणाला, "नाचायचं गाणं हाय की! आन् आपण ह्याच्यावर इतकी वर्षं पोरी रडवल्या?"

मग मधेच ट्रम्पेट आलं. एकटंच. शेवटच्या सुराआधी ते अर्धी मात्रा थांबलं, आणि सरफराजचा पाय जागीच थांबला. ती राजेसाबची खोड. शेवटच्या सुराआधी दम घ्यायचे. सगळा बँड हसायचा, पण मरेपर्यंत सुटली नाही. तरुणपणी चार वर्षं ते मुंबईत वाजवायला होते, एवढंच घरात माहीत होतं. त्यांचं वाजवणं कुठंच उरलं नाही, असंच सरफराज धरून चालला होता.

"पुन्यांदा लाव."

सबानं लावलं. पुन्हा ती जागा आली.

"अब्बाच हायत," तो म्हणाला. त्यानं दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं. "लई उपकार केलेस गं माय. जाता जाता माझा बाप दिलास मला."

"मग वाजवा की. पण असंच. मला रडत जायचं न्हाय."

सरफराजनं पायानं ठेका दाखवला. येडू बघतच राहिला. "रुखसतीला?"

"व्हय. रुखसतीलाच."

पहिल्या फुंकेलाच गल्ली दचकली. सोजरबाईनं जरा वेळ वाट पाहिली, मग पदर कमरेला खोचला आणि टाळ्या धरल्या. सबा हसत, ठेक्यावर पाय टाकत गाडीत जाऊन बसली. दार लागलं, गाडी हलली.

शेवटचा सूर तेवढा राहिला होता. त्याच्याआधी सरफराज थांबला, अब्बा थांबायचे तसा. तेवढ्या अर्ध्या मात्रेत त्यानं काय रडायचं ते रडून घेतलं.

मग सूर लावला. साफ लागला.