सातवं गाणं

"चेहरा नको, फक्त आवाज हवाय तुमचा," निर्माता म्हणाला, तेव्हाच डोरीन प्रॉबर्टच्या मस्तकात तिडीक गेली. लंडनच्या रंगभूमीवर तीन वर्षं तिने गाजवलेली भूमिका आता पडद्यावर एक देखणी नटी करणार होती, आणि त्या नटीला गाता येत नव्हतं. तरीही डोरीन कबूल झाली. ती गाणी दुसऱ्या कुणी नासवलेली तिला सोसवली नसती.

सहा गाणी ध्वनिमुद्रित झाली. सातव्याच्या आधी तिने विचारलं, "श्रेयनामावलीत माझं नाव कुठे येणार?"

"नाव कशाला?" हातातल्या कागदांतून मान वर न करता निर्माता म्हणाला. "लोकांना वाटायला हवं, तीच गातेय."

डोरीनने हेडफोन काढून ठेवले, कोट चढवला आणि साऱ्या वादकांदेखत ती दाराकडे निघाली.

"लंडनमध्ये पुन्हा काम मिळायचं नाही तुम्हाला," तो मागून म्हणाला.

खरंच मिळालं नाही. ती वेल्समध्ये आपल्या गावी, कार्डिफला परतली आणि तिथल्या लहानशा नाट्यगृहात गाऊ लागली.

वर्षभराने चित्रपट आला. सातवं गाणं दुसरीकडून गाऊन घेतलं होतं, आणि आवाज बदललेला शेवटच्या रांगेतही कळत होता. डोरीनचं नाटक पाहिलेला एक वार्ताहर थेट कार्डिफला पोचला.

"आधीची सहा गाणी तुमचीच ना?" त्याने विचारलं.

"माझीच. लिहून घ्या," डोरीन म्हणाली. मग आपलं नाव तिने एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.