एक की तीन

"आधी पायडल मारणं थांबव, मग मूठ फिरव. चढ आला की एक, उतार लागला की तीन. अगं आई, गिअर आहे तो, देव्हाऱ्यातली घंटा नाही. किती जपून हात लावतेस!"

केइगोचा हा आवाज सकाळपासून मित्सुएच्या कानात होता. आज त्याला जाऊन एकोणपन्नासावा दिवस. त्याच्या नावाची साध्या लाकडाची पाटी आज चढावरच्या देवळात न्यायची. तिथे ती ठेवून लाखेची पाटी घरी आणली, की मुलगा पूर्वजांत जाऊन बसणार. पण मित्सुए जागची उठत नव्हती.

वादळाच्या दिवशी त्याच चढावर दरड कोसळली. सगळे आसऱ्याला वर देवळाकडे धावत होते. मित्सुएने केइगोच्या फोनवर निरोप ठेवला होता, "आजोबांची पाटी घेतल्याशिवाय मी घर सोडणार नाही. तू ये." दरडीने चढाखालच्या घराला धक्काही लावला नाही. केइगो सापडला चढाच्या मधोमध. तो वर चालला होता, की निरोप ऐकून खाली येत होता? कुणीच पाहिलं नव्हतं.

काल ढिगाऱ्यातून त्याची सायकल निघाली. आज तिचा नवरा सादाओ ती आणायला पोलीस चौकीवर निघाला, तेव्हा मित्सुए म्हणाली,

"अहो, मूठ बघून या. एकवर असेल तर मी पाटी घेऊन तुमच्याबरोबर येईन. शब्द देते."

"आणि तीनवर असली तर?"

"तर त्या पाटीला हात लावायची माझी लायकी नाही."

तासाभराने सादाओने सायकल आपल्या दुकानाच्या दारात उभी केली.

"एकवर आहे. तूच बघ. चढत होता पोरगा. तुझा निरोप त्याने ऐकलाच नव्हता."

मित्सुए वाकली. मूठ खरंच एकवर होती. घंटीवर, ब्रेकवर, सीटवर सात आठवड्यांचा चिखल वाळून दगड झाला होता. फक्त मुठीवरचा तडकून गळला होता, आणि खाली काळं रबर स्वच्छ दिसत होतं. तीस वर्षं ती सायकलच्या दुकानात नांदत होती. चाकाच्या पोटातला हा गिअर उभ्या सायकलीवरही बदलतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

सादाओ रस्त्याकडे तोंड करून उभा होता. उजवा हात पाठीशी धरलेला.

तिने ओला फडका आणला. सायकल पुसली नाही. त्याचा उजवा हात पुढे ओढला, बोटं उलगडली आणि तळव्याच्या रेघांतली माती हलकेच पुसून काढली.

"चढत होता," शेवटी ती म्हणाली. "चला. देवळात वाट बघत असतील."

मग तिने पाटी कापडात गुंडाळली, छातीशी धरली आणि त्याच्या आधी चढाला लागली.