तिसरं दार

चपला काढण्याआधी योगराजने मोबाईल उघडून पाहिला. नोंदींच्या ॲपमध्ये मोतीलालचं वेगळं पान होतं. भाऊ अभिमन नाना, बायको कलाबाई, मुलगी मयुरी, बारावीला. तीस वर्षांच्या मित्राची माणसं अशी वाचून घ्यावी लागली याची त्याला लाज वाटली. पण चारचौघांत नाव चुकण्यापेक्षा हे बरं, असं म्हणून त्याने मोबाईल खिशात टाकला.

आजचा रविवार दारावर जाण्याचा होता. ज्या ज्या घरी माणूस गेलं होतं, तिथे जाऊन बसायचं. सकाळी जळगावहून निघून आधी यावल, मग अडावद, शेवटी चोपड्याजवळचं हे गाव, अशी फेरी त्याने ॲपमध्ये नीट लावली होती. एकेका दाराला वीस मिनिटं. दोन दारं झाली होती, दोन्हींपुढे खूण पडली होती. तिसरं मोतीलालचं.

दोन वर्षांपूर्वी हे ॲप घेतलं आणि योगराज पार बदलला. पाइप कंपनीतली त्याची एकही मीटिंग चुकेना, विम्याचा हप्ता चुकेना, साखरेची तपासणीसुद्धा तारखेला व्हायची. साहेब नव्या पोरांना त्याचं उदाहरण द्यायचे. ‘मोतीलालला भेटणे’ ही ओळही त्याने पहिल्याच आठवड्यात घातली होती, रविवारच्या खाली. जमलं नाही की ती आपसूक पुढच्या रविवारी जाऊन बसायची. मोतीलालचा फोन आला की ‘या रविवारी येतो’ असं तो सांगायचाही. लिहिलेलं असायचं, त्यामुळे गेलो नाही असं त्याला कधी वाटलंच नाही. जायचं ठरलेलंच आहे, असंच वाटत राहिलं.

तो दारात दिसताच आतल्या बायकांनी गळा काढला. कलाबाई मात्र रडली नाही. मोतीलाल गेल्यापासूनच्या नऊ दिवसांत तिचं रडून झालं होतं. ती उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली होती. बाहेर सतरंजीवर अभिमन नानांनी सरकून जागा दिली, पाण्याचा तांब्या पुढे केला.

काहीतरी बोलायला हवं म्हणून योगराज म्हणाला, “मयुरीचं बारावीचं वर्ष ना नाना? तिच्याकडे लक्ष ठेवावं लागेल आता.”

अभिमन नाना त्याच्याकडे वळले.

“तिनं लगीन व्हई गयं, फागूनमा. पत्रिका धाडेल व्हती तुम्हले.”

लग्नाची पत्रिका आली होती. त्याने तिचा फोटो काढून ॲपमध्ये ठेवलाही होता. योगराजला मान वर करवेना. पण ज्यासाठी तो आला होता ते अजून विचारायचंच होतं. मोतीलाल आपल्यावर रागावून गेला नाही, एवढंच त्याला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. ते ऐकल्याशिवाय त्याला घरी जाता येणार नव्हतं.

“नाना, माझ्याबद्दल काही बोलला का तो? रागावला होता का?”

“तुम्हनावर राग? नही हो.” नाना तांब्या जवळ ओढत म्हणाले. “डायलिसिस करीकरी हातपाय सुजेल राहेत त्याना. पन दर आईतवारले सकायमा दाढी करीसन ओट्यावर बसे. म्हणे, आज योगराज येई. जेवाले बी थांबे.”

राग नव्हता. हवं होतं ते ऐकायला मिळालं, आणि योगराजला ते सोसेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शंभर रविवार तरी झाले असतील. शंभर वेळा त्या सुजलेल्या हाताने गालाला साबण लावला असेल. आणि त्या प्रत्येक रविवारी आपण जळगावात होतो, दीड तासाच्या वाटेवर, आणि पुढच्या आठवड्याची यादी लावत होतो.

त्याला रडू फुटेल असं वाटलं, पण फुटलं नाही. वीस मिनिटं कधीच उलटून गेली होती. दुसरी माणसं येऊन उभी राहिली, तेव्हा जागा करून देण्यासाठी तो उठला. उंबऱ्याशी गेला. कलाबाईला हात जोडले.

“येतो वहिनी.”

दुःखाच्या घरून निघताना असं म्हणत नाहीत. तिथून माणूस न बोलता उठून जातो, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. योगराजने जीभ चावली.

कलाबाईने पहिल्यांदाच मान वर केली. आवाजात राग नव्हता.

“ज्यास्ले तुम्हनं हाई ‘येतो’ खरं वाटे, त्या ते गयात, भाऊ.”