महागाईचा धडा

अर्थसाक्षर झाल्याशिवाय माणसाने पैशाला हात लावू नये, असं दाताच्या डॉक्टरांचं ठाम मत होतं. म्हणून दवाखान्याशेजारचा गाळा घ्यायला साठवलेले पैसे तीन वर्षं बचत खात्यात लोळत होते आणि पेशंट जिन्यात ताटकळत होते.

"अहो, गाळा घ्यायचाय, परीक्षेला नाही बसायचं!" लाळ ओढायची नळी धरून उभी असलेली बायको करवादली.

"चक्रवाढ झाली, तरलता झाली. आता महागाईचा धडा तेवढा राहिलाय."

तेवढ्यात गाळ्याचा मालकच दाढ धरून आला. "डॉक्टर, गाळ्याचं जरा..."

"आधी आ करा, काका." डॉक्टरांनी कापसाचे बोळे कोंबले आणि काम करता करता महागाई समजावू लागले. मालक कळवळून भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवू लागला. मुद्दा पोचला म्हणून डॉक्टर खूश झाले. "अगदी बरोबर! वेळ जाईल तशी महागाई पैसा कुरतडते, किडीसारखी!"

बायकोने कपाळाला हात लावायला नळी खाली ठेवली.

अखेर बोळे निघाले. मालकाने चूळ भरली. "दुसरं गिऱ्हाईक आलंय, त्याला बारापर्यंतच थांबवलं होतं. बाराच्या आत हो म्हणाला असतात, तर जुन्याच भावात तुम्हाला देणार होतो."



घड्याळात सव्वाबारा झाले होते.