वेशीपासून गढीपर्यंत

रंगराव पाटलांचा दमा त्या सकाळी असा उसळला की त्यांना श्वास घेववेना. गावात सायकल एकच, तीही खालच्या वस्तीतल्या भैरूची. म्हणून पाटलीणबाईंनी त्यालाच औषधासाठी चाकणला पिटाळलं. स्वराज्य येऊन आठ वर्षं झाली होती, तरी गेल्याच महिन्यात भैरू वेशीतून सायकलवर बसून आला म्हणून पाटलांनी भर चावडीपुढं त्याच्या दोन्ही चाकांची हवा सोडायला लावली होती. "येस लागली की खाली उतरायचं. गढीपतूरचा हा आर्धा मैल तुमच्या वस्तीतल्या माणसानं चालतच यायचं!"

भैरूनं राग धरला नाही. चाकणच्या किल्ल्यालगतच्या डॉक्टरांकडून बाटली घेऊन ती त्यानं कोपरीत घातली आणि ऊर फुटेस्तोवर पायडल मारत तो परतला.

गढीच्या दारात पोचला, तेव्हा आत नुकताच हंबरडा फुटला होता.

"मुडद्या, येवढा येळ कुठं घालवलास?" पाटलांचे धाकटे भाऊ सयाजीराव अंगावर धावून आले.



"खिंडीच्या चढालाबी उतरलो न्हाई, धनी," भैरू धापा टाकत म्हणाला. "येशीपासनं तेवढा चालत आलो."