एका चार्जमध्ये तुमकूर

"एक्केचाळीस," विश्वासरावांनी मोठ्यानं वाचलं. तुमकूरहून परतताना नेलमंगलाचा टोलनाका मागे पडला होता आणि बॅटरी अजून किती किलोमीटर पुरेल, ते गाडीच्या पडद्यावर दिसत होतं. "आणि घर सदतीस. बघ बाई."

रम्या गाडी चालवत होती. शेजारी सासरे, मागे सासूबाई गोजराबाई, आणि त्यांच्याही मागे हॉर्नवर हात ठेवून बसलेला एक ट्रकवाला. तिला रस्त्यावरून नजर हलवायची सोय नव्हती.

अट सकाळीच ठरली होती आणि तिनं ती कबूल केली होती. तुमकूरच्या एका खोबरेल तेलाच्या कारखान्यात तिला केमिस्टची नोकरी लागली होती. उद्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. रोज हायवेनं जायचं, हायवेनं यायचं, तेही या सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडीतून. "मधेच बॅटरी संपली तर एकट्या पोरीनं काय करायचं?" हा विश्वासरावांचा सवाल. म्हणून आज परीक्षा. एका चार्जमध्ये जाऊन परत घरच्या फाटकात यायचं. वाटेत चार्जिंग नाही, एसी बंद करायचा नाही, वेग बाकीच्यांइतकाच. पोचली तर नोकरी, नाहीतर नाही. रम्याचा नवरा देवव्रत या वादात तटस्थ होता, म्हणजे घरी झोपला होता.

गाडी पळत होती तसा आकडा भराभर उतरत होता.

"सत्तावीस. घर पंचवीस." विश्वासराव क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसे सांगत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांना मजा येत होती. मागे गोजराबाई देव पाण्यात घालून बसल्या होत्या.

"स्वल्प गप्प बसा हो," त्या म्हणाल्या. "पोरीला गाडी चालवू द्या."

रम्याला ही नोकरी हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

यशवंतपूरला आले तेव्हा बॅटरीत पंधरा आणि घरही पंधरा. पुढे नजर पोचेल तिथवर गाड्याच गाड्या. रम्यानं कपाळाला हात लावला. पाच मिनिटं गेली. दहा गेली. गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या.

"अजून पंधराच?" विश्वासराव पडद्याजवळ वाकले. "बिघडलं की काय हे?"

"हळू चालली की ही फार खात नाही, अण्णा. पळवली की खाते. आता जे काय खातोय ते एसी खातोय."

एक रिक्षा आडवी येऊन समोर घुसली. या शहरातल्या ट्रॅफिकला विश्वासरावांनी आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या, पण आज त्यांनी रिक्षावाल्याला हातानं वाट दाखवली. "होगप्पा, सावकाश जा. घाई कुणाला आहे?" आणि त्यांनी एसीचं बटण दाबून टाकलं.

"अण्णा, आपली अट..."

"मला थंडी वाजते."

"एप्रिलात?" मागून गोजराबाईंनी विचारलं.

"वय झालं माझं," असं म्हणून त्यांनी मानेवरचा घाम पुसला. स्कोअर सांगता सांगता माणूस नकळत एका बाजूचा होऊन जातो, तसं त्यांचं झालं होतं. फक्त ते कबूल करायला जीभ रेटत नव्हती.

बनशंकरीत शिरेपर्यंत आकडा दोनवर आला. मग आकडाच गेला आणि त्याच्या जागी एक पिवळं कासव उमटलं.

"अय्यो, हे काय नवीन?"

"बॅटरी संपत आली की गाडी जोर कमी करते." रम्याचा आवाज रडवेला झाला होता. समोर त्यांच्या गल्लीचा चढ होता आणि वर टोकाला घराचं फाटक दिसत होतं. गाडी चढू लागली. अर्ध्यावर आली तेव्हा शेजारून एक म्हातारी भाजीची पिशवी घेऊन त्यांच्या पुढे निघून गेली.

"कामाला जाताना ही पोर रोज काय आपल्याला घेऊन जाणार आहे?" गोजराबाई एकदम म्हणाल्या. "थांबव गं. आम्ही उतरतो."

गाडी थांबली, तोवर विश्वासरावांनी दार उघडून पाय बाहेर टाकलाही होता. दोघं उतरले. गाडी अंग झटकल्यासारखी हलली आणि पुन्हा वर निघाली, हळूहळू, पण निघाली. विश्वासरावांचे हात आपोआप मागच्या काचेखाली गेले.

"हात लावू नका!" गोजराबाई ओरडल्या. "मग ढकलून आणली असं होईल!"

त्यांनी चटका बसल्यासारखे हात काढले आणि पाठीमागे बांधून ते गाडीच्या मागोमाग चढ चढू लागले. मागून साडीचा ओचा आवरत गोजराबाई. विश्वासरावांचा शर्ट पाठीला चिकटलेला, श्वास वर लागलेला, पण नजर गाडीवरून हलत नव्हती.

शेजारचे व्यंकोजी दारातल्या कुंड्यांना पाणी घालत होते. ही मिरवणूक पाहून त्यांना भलताच आनंद झाला.

"एनु विश्वासराव, काय झालं? बंद पडली म्हणायची गाडी?"

विश्वासराव थांबले. धाप लागली होती, तरी ताठ उभे राहिले.

"बंद कशानं पडेल? उद्यापासून आमची सून रोज तुमकूरला जाणार आहे हिच्यातून."

फाटक अजून दहा हात लांब होतं.